सोबत जोडलं आहे

दिवाळी अंकाला लेख पाठवणं पूर्वी सोपं होतं. एका बाजूला लिहिलेले कागद, पाकीट, तिकीट. यंदा संपादक म्हणाले, "नुसता मेल करा."

केला. दुपारी उत्तर आलं, "कविता विभाग भरला आहे."

फोनवर उलगडा झाला. लेख त्यांच्या पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा होऊन उतरला होता. माझा फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. त्यात 'क' दिसतो खरा, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते कुठलंतरी इंग्रजी अक्षरच, वरून धोतर नेसवलेलं. समोर तोच फॉन्ट नसला की धोतर सुटतं.

मग पीडीएफ धाडली. धोतर शाबूत! पण त्यांचा ऑपरेटर म्हणाला, "काका, ओपन फाइल द्या. यात मला साधा काना हलवता येत नाही."

लेखासोबतच्या माझ्या फोटोची तऱ्हा वेगळी. भाच्याच्या महागड्या फोनने तो 'एचईआयसी' नावाच्या फॉरमॅटमध्ये काढला होता, तिकडे उघडेना. चॅटवरून पाठवला तर इतका दाबला गेला की पोहोचेपर्यंत मला नाक उरलं नव्हतं.

शेवटी फोटोंसकट सगळं झिप करून मेलला बांधलं. मर्यादा 25 एमबीची, गाठोडं 20 चं. तरी परत! एसटीत चढवलेलं वीस किलोचं पोतं कंडक्टरच्या काट्यावर सत्तावीस भरावं, तसं. भाच्यानं समजावलं: ईमेल जन्मला तो साध्या अक्षरांसाठी. त्यातून जायचं तर फोटोलाही अक्षरांचं सोंग घ्यावं लागतं, आणि त्यात तीन बाइटची चार अक्षरं होतात.

या सोंगाची 'माइम' नावाची रीत नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी बसवली. 11 मार्च 1992 रोजी बोरेनस्टीन यांनी त्या रीतीनं पहिली जोडणी पाठवली. काय असेल? स्वतःच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो, वर गाणंही! रोज सकाळी चॅटवर येणाऱ्या गुलाबांच्या फोटोंचं गोत्र मला तेव्हा कळलं.

अखेर प्रिंट काढली, बस पकडली आणि कागद ऑपरेटरच्या हातात ठेवले. त्यानं अख्खा लेख पुन्हा टाइप केला, मला चहाही पाजला.

आठवड्यानं संपादकांचा मेल आला. "लेख झकास. मानधनाचा तपशील सोबत जोडला आहे."

सोबत काहीच नव्हतं. मी भाच्याला विचारलं, "आता हा कुठला फॉरमॅट?"

त्यानं वरखाली नीट पाहिलं. "मामा, हे मात्र बरोबर उघडलंय."