मिरवणुकीचा मालक कोण?

२७ जुलै २०१२च्या रात्री लंडनमध्ये सायकलस्वारांचे दोन जथे निघाले होते. एका जथ्यातल्या लोकांच्या पाठीला कबुतराचे पांढरे, उजळलेले पंख होते. ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते स्टेडियमभर गोल गोल फिरले. त्यातला एक तर सायकलसकट हवेत वर गेला आणि जगाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या जथ्याला पंख नव्हते आणि तो स्टेडियमच्या बाहेर, साध्या डांबरी रस्त्यावर होता. त्यातल्या १८२ जणांना पोलिसांनी अटक करून बसगाड्यांत भरलं. सायकलस्वाराने त्या रात्री आकाशात जायला कोणाची हरकत नव्हती. त्याने फक्त थेम्स नदीच्या उत्तरेला जायचं नव्हतं.

ही दुसरी मंडळी म्हणजे ‘क्रिटिकल मास’. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी वॉटर्लू पुलाखाली, नॅशनल थिएटरच्या अंगाला जमायचं आणि सगळ्यांनी मिळून सायकली हाणत शहरभर हिंडायचं, एवढाच कार्यक्रम. सप्टेंबर १९९२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पन्नासेक लोकांनी सुरू केलेला हा उद्योग १९९४मध्ये लंडनला पोचला. नाव मिळालं ते एका माहितीपटातून. चीनमधल्या चौकात सिग्नल नसतो तिथे सायकलवाले कडेला साचत राहतात आणि पुरेसे जमले की एकदम मोटारींच्या मधून आरपार जातात, असं त्यात एकजण सांगतो. पुण्यात आपण हे सिग्नल असतानाही करतो, आणि त्यासाठी अणुविज्ञानातला शब्द उसना आणावा असं कोणाला वाटलेलं नाही.

या फेरीला अध्यक्ष नाही, सचिव नाही, मागण्यांचं निवेदनसुद्धा नाही. पुढचा वळेल तिकडे मागचे वळतात. त्यामुळे पुढच्याला कंटाळा येऊन घरी जावंसं वाटलं, तर पाचशे लोक त्याच्या गल्लीत शिरण्याचा धोका असतो. चौक आला की दोन-चार जण पुढे होऊन आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली लावून उभे राहतात, म्हणजे जथा मध्येच तुटत नाही. याला ते बूच मारणं म्हणतात.

आता बुचाच्या पलीकडे ज्याची मोटार थांबली त्याचा विचार करा. या माणसाची बाजू हल्ली कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. तो सोमवारी याच चौकात तेवढाच वेळ उभा होता. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही होता. पण तेव्हा त्याच्या पुढे मोटारी होत्या, म्हणजे आपलीच माणसं होती. त्यांच्यामुळे झालेल्या उशिरात एक घरगुती ऊब असते. शुक्रवारी मात्र त्याच्यापुढे पेंग्विनचा वेष केलेला एक मनुष्य सायकलची घंटी वाजवत असतो. अशा वेळी संसार, नोकरी, कर्जाचे हप्ते, सगळ्याचा राग त्या पेंग्विनवर निघाला तर त्याला दोष कसा द्यावा?

सायकलवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. सायकलीला गाडा जोडून त्यावर भोंगे लावतात, चौक अडवून सायकली डोक्यावर उचलून धरतात, तांबडा दिवा त्यांना फुलासारखा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे अडकून पडलेल्या मोटारवाल्याला हसून शुभेच्छा देतात. शिवीला शिवीने उत्तर देता येतं, शुभेच्छेला काय देणार? आणि चेहऱ्यावरचा तो भाव! नुसत्या पाण्यावर एकादशी करणारा साबुदाण्याच्या खिचडीवाल्याकडे ज्या नजरेने बघतो, थेट तो. मोटारवाल्याला हवामान बदलाचं काही वाटत नाही असं नाही, पण त्याला ते कोणी सायकलवरून खाली वाकून सांगावं हे सहन होत नाही.

पोलिसांचं दुखणं मात्र वेगळं होतं. २००५मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी फेरीतल्या लोकांना पत्रकं वाटली: १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याप्रमाणे मिरवणुकीची लेखी सूचना सहा दिवस आधी द्यावी, तारीख, वेळ, मार्ग आणि आयोजकाचं नाव-पत्ता कळवावा. इथेच घोडं पेंड खातं. आयोजक कुठून आणायचा? आपल्याकडे हा प्रश्न कुठल्याच फौजदाराला पडत नाही. आयोजकाचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर असतो, वर त्याचे दोन नेते, खाली चाळीस शुभेच्छुक, पंचनाम्याला वेगळी यादी करावी लागत नाही. लंडनच्या पोलिसांपुढे मात्र अशी मिरवणूक आली जिचा मालकच सापडेना, आणि मार्ग विचारावा तर तो मिरवणुकीलाही माहीत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात एक फट होती: प्रथेने किंवा नेहमी निघणाऱ्या मिरवणुकीला सूचना लागत नाही. मग महिन्यातून एकदा निघणारी, दर वेळी वेगळ्याच रस्त्याने जाणारी फेरी ही प्रथा की दर महिन्याला नवा उपद्व्याप? हायकोर्ट म्हणालं, प्रथा. अपील कोर्ट म्हणालं, रस्ताच ठरलेला नाही तर प्रथा कसली. शेवटी नोव्हेंबर २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायमूर्तींनी निवाडा दिला की ठिकाण तेच, वार तोच, वेळ तीच, तेव्हा ही प्रथाच आहे. साम्राज्य सांभाळलेल्या त्या सभागृहाने आपल्या न्यायदानाच्या शेवटच्या वर्षभरात, शुक्रवारी संध्याकाळी सायकलवर हिंडणाऱ्यांनी कुठे वळायचं हे आधी ठरवलंच पाहिजे का, यावर बुद्धी खर्च केली. त्याच्या पुढच्या वर्षी हे न्यायदानाचं काम नव्या सुप्रीम कोर्टाकडे गेलं. दमणूक झाली असणार.

सूचनेचं कलम गेलं, पण त्याच्याच शेजारी कलम १२ होतं. त्यानुसार वरिष्ठ पोलीस अधिकारी मिरवणुकीला अटी घालू शकतो. ऑलिंपिकच्या रात्री अट घातली गेली ती नदीची. मुहूर्त तरी बघा. पाच दिवस आधी, २२ जुलैला, ब्रॅडली विगिन्स टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला होता. देश सायकलवरून ओवाळून टाकायच्या बेतात होता. उद्घाटनाची अवाढव्य घंटा विगिन्सच्याच हस्ते वाजली. महापौर बोरिस जॉन्सन सायकलवाले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉनही सायकलवाले. विरोधी पक्षनेते असताना ते पर्यावरणापायी सायकलने संसदेत जात आणि मागून मोटार त्यांचे बूट आणि कागदपत्रं घेऊन येई, हे २००६मध्ये छापून आलं होतं. लोक उगाच हसले. प्रत्येक सायकलमागे एक मोटार हा तोडगा मनापासून राबवला असता, तर मोटारवाल्यांची तक्रार केव्हाच मिटली असती.

ऑलिंपिकच्या पाहुण्यांसाठी लंडनच्या रस्त्यांवर राखीव मार्गिकाही आखल्या होत्या. त्यात कोणी परका शिरला तर १३० पौंड दंड. सोव्हिएत पुढाऱ्यांच्या झिल मोटारींची आठवण ठेवून लोकांनी त्यांना ‘झिल मार्गिका’ असं नाव ठेवलं होतं. त्या मार्गिकांतून काळ्या काचांच्या गाड्यांची रांग दिवसभर चाले, नदीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला. अटक झालेल्या १८२ सायकलवाल्यांपैकी शेवटी दोषी ठरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना रात्रीची बस फुकट मिळाली.

१ ऑगस्टला विगिन्सने सुवर्णपदक मिळवलं. त्याच दिवशी ऑलिंपिक पार्कजवळ पत्रकारांना नेणाऱ्या बसखाली एक अठ्ठावीस वर्षांचा सायकलस्वार गेला. संध्याकाळी विगिन्सला त्यावर विचारण्यात आलं, तो हेल्मेटबद्दल काही बोलला, आणि पुढचे काही दिवस देशात चर्चा झाली ती हेल्मेट सक्तीचं करावं का याची. बस डोक्यावरून गेली तर हेल्मेट कुठल्या कंपनीचं असावं, हे कोणी विचारलं नाही.

मोटारवाल्याच्या भात्यात एक बाण नेहमी शेवटी निघतो: “आम्ही रोड टॅक्स भरतो, तुम्ही काय भरता?” खिडकीची काच खाली करून हे ओरडलं की वाद जिंकला, अशी ब्रिटनभर समजूत आहे. गंमत अशी की रस्त्यांसाठी राखून ठेवलेला तो कर १९३७मध्येच संपला. तेव्हापासून रस्ते सगळ्यांच्या करातून होतात आणि मोटारीवर जो बसतो तो नुसता मोटारीवरचा कर. २००१मध्ये तर तो नव्या गाड्यांना धुराच्या हिशेबाने लागू झाला. त्या हिशेबाने सायकलला पावती फाडली तर शून्य पौंडांची निघेल, चढावर धापा टाकणाऱ्यांचा अपवाद करून. विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना त्यांना या राखीव कराची धास्ती होती ती वेगळ्याच कारणाने: उद्या ही मोटारवाली मंडळी पैसे आम्ही दिले म्हणून रस्ते आमचेच, असा नैतिक हक्क सांगू लागतील. म्हणून त्यांनी त्या गंगाजळीत हात घालायला सुरुवात केली. कर गेला. हक्क मात्र एखाद्या जुन्या भाडेकरूसारखा जागच्या जागी आहे.

चांगले रस्ते मागितले कोणी, हे तर मोटारवाल्याला सांगूच नये, त्याचं रक्त आटेल. ब्रिटनमध्ये सायकलस्वारांच्या संघटनांनी रस्ता सुधारणेसाठी संस्था काढली ती १८८६मध्ये. त्याच वर्षी तिकडे जर्मनीत कार्ल बेंझ आपल्या मोटारीचं पेटंट घेत होता. रस्ता गुळगुळीत करून द्यायचा आणि मग कडेला उभं राहून मोटारीला वाट द्यायची, इतका परोपकार आपल्या पुराणांतल्या राजांनीही केला नसेल.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९८६ला, मार्गारेट थॅचर यांनी लंडनभोवतीचा एम-२५ रस्ता पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. जेमतेम नऊ दिवसांनी तो सार्वजनिक सुव्यवस्था कायदा मंजूर झाला. हा योग वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी एम-२५वरच्या मिरवणुकीची सूचना रीतसर भरून द्यावी. दिवस: सोमवार ते शुक्रवार. वेळ: सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, संपेपर्यंत. मार्ग: ११७ मैलांचं वर्तुळ. सहभागी: मोटारीमागे सरासरी दीड माणूस, अर्धा कोण ते विचारू नये. वाद्यं: हॉर्न. मिरवणुकीचा उद्देश: घरी जाणे. आयोजकाचं नाव-पत्ता: या रकान्यापाशी पेन थबकेल, कारण अडकलेल्यांपैकी प्रत्येकाचं म्हणणं हेच असतं की गर्दी बाकीच्यांनी केलीय.

ठाण्यावरचा सार्जंट हा अर्ज परत करेल. ठिकाण तेच, वार तेच, वेळ तीच, म्हणजे ही प्रथेची मिरवणूक झाली, हिला सूचना लागत नाही, असं लॉर्डांनी ठरवून दिलंय. सायकलवाल्यांनी तीन कोर्टं चढून मिळवलेला हा निकाल असा मोटारवाल्यांच्या कामी येतो, पण आभाराचं पत्र अजून कोणी धाडल्याचं ऐकिवात नाही.

कलम १२चं तेवढं बघावं लागेल. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने मोटारींनाही थेम्सच्या उत्तरेला जाऊ नका म्हणून बजावलं, तर पंचाईत आहे. हे वर्तुळ नदी दोनदा ओलांडतं, पूर्वेला डार्टफर्डपाशी आणि पश्चिमेला रनीमीडपाशी. डार्टफर्डला पैसे भरून पलीकडे जावं लागतं, तिथे गिऱ्हाईक परत पाठवायला कोणी धजणार नाही. रनीमीडला पोलिसांनी जरा जपून राहावं. १२१५मध्ये तिथल्याच कुरणात घोडी घेऊन जमलेल्या सरदारांनी जॉन राजाला घेरून मॅग्ना कार्टावर शिक्का उठवून घेतला होता, आणि तोही सहा दिवसांची लेखी सूचना न देता.