पेडण्याचा सॅक्सवाला

पेडण्याचा सॅक्सवाला वाद्यावरून नव्हे, फटफटीवरून ओळखावा. पाठीला काळी पेटी, पुढे टाकीवर छोटा स्पीकर, खिशात पेनड्राइव्ह. या पेनड्राइव्हमध्ये त्याचे पियानोवाला, बासवाला आणि ड्रमवाला राहतात. तिघेही वेळेवर येतात, बियर मागत नाहीत आणि बिदागीत वाटा तर नाहीच नाही.

पाऊस संपून हरमल, मांद्रे, मोरजीला शॅक उभे राहू लागले की याचा हंगाम. बाहेर फळ्यावर 'जॅझ नाईट' लिहिलेलं असतं, पण त्याला जॅझ वाजवायला बोलावलेलं नाही हे मालकाइतकंच त्यालाही ठाऊक असतं. किंगफिश तळून येईपर्यंत तो मनासारखं वाजवतो. मग मालक गल्ल्यावरून बोट गरगर फिरवतो. म्हणजे, जरा उडतं घे. एका टेबलाला जुनं हिंदी हवं असतं, दुसऱ्याला पंजाबी आणि तिसऱ्यावर कुणाचा तरी वाढदिवस असतोच. वाढदिवसाला वरकड पैसे मिळतात, म्हणून ड्यूक एलिंग्टन ऐकून ऐकून कमावलेली सगळी विद्या हा गृहस्थ केक कापेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात ओततो. तेवढ्यात सगळे टाळ्या वाजवत असतात, त्यामुळे ती कुणालाच ऐकू येत नाही. रात्री 10 वाजता उघड्यावरचा स्पीकर नियमानं बंद. गिऱ्हाईक ऐकण्याच्या तारेत येतं तेही नेमकं तेव्हाच.

'यावर पोट भरतं का रे?' असं विचारायची सोय नाही. तो थेट हळदोण्याच्या चिक चॉकलेटवर जातो. मुंबईच्या ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारा, भारताचा लुई आर्मस्ट्राँग! 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीताला त्याचा हात लागलेला. त्या पिढीचे गोंयकार रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. 'नुसत्या जॅझवर त्यांचंही भागत नव्हतं,' हे आमचा माणूस अशा ऐटीत सांगतो, जणू ही तंगी त्याच्याकडे वारसाहक्कानं आली आहे.

खरं तर वारसा वेगळाच. बारदेश, तिसवाडी, सासष्टीत चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. पेडणे-डिचोली मात्र पोर्तुगिजांच्या हाती लागली ती थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे इकडे देऊळ, पेटी, पखवाज हेच विद्यापीठ. याचे आजोबा दशावतारात, म्हणजे इकडच्या धयकाल्यात, पेटीवर बसत. तिथे लिहिलेली संवादांची वही नसते. राक्षसाला रंग चढला की तो बोलतच सुटतो आणि पेटीवाल्यानं त्याचा कल ओळखत मागोमाग जायचं. नातवानं एकदा आजोबांना इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काय ते तासभर समजावलं. म्हातारा सुपारी कातरत म्हणाला, 'म्हणजे आमचो धयकालोच मरे!' नातू आठवडाभर घुश्श्यात होता. माझं मत विचाराल तर मी आजोबांच्या बाजूचा.

2023 साली मोपाला विमानं उतरू लागल्यापासून त्याची आशा वाढली आहे. वरून विमान गेलं की त्यात एखादं दिल्लीचं वऱ्हाड असावं असं त्याला वाटतं. वऱ्हाड येतंही, पण येताना डीजे घेऊन येतं.

पावसाळ्यात शॅक मोडतात आणि कलावंत डिचोलीला मुलांना कीबोर्ड शिकवायला जातो. गणेशचवथीला मात्र सॅक्स कपाटात जातो आणि गळ्यात घुमट येतो. आरतीचा ठेका धरता धरता याच्यातला न्यूयॉर्क जागा होतो. सम सोडून तो भलतीकडेच थाप मारतो. साथीला शमेळ बडवणारा डोळे वटारून म्हणतो, 'सरळ वाजय रे, अजून नव घरां आसत!'