मोबाईल-खरेदी : जावयांसाठी काही सूचना

वाशीमला प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत. ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्यांच्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने ताम्रपटावर कोरून दिलेला मजकूर सोळाशे वर्षांनंतरही वाचता येतो. त्याला चार्जिंग लागत नाही, पडला तर काच फुटत नाही आणि दर सहा महिन्यांनी त्याचे नवे मॉडेल निघत नाही. ती सोय आता उरली नसल्यामुळे माणसाला मोबाईल निवडावा लागतो. त्याविषयीचे नियम पुढे दिले आहेत.

नियम सांगण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारेल. माझ्या लग्नाच्या मांडवात एका पाहुण्याचा अडकलेला फोन मी बंद करून पुन्हा चालू करून दिला होता. त्या दिवसापासून मंगरूळपीर तालुक्यातले माझे सगळे सासर मोबाईल घेताना मला सोबत नेते. माझे म्हणणे मान हलवून ऐकते. आणि दुकानदार म्हणेल तो फोन घेते. या कामातला माझा मुख्य अनुभव मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा आहे.

नियम १ : आधी गरज ओळखावी. हे सगळेच शहाणे सांगतात. मीही मामाजींना विचारले, "मामाजी, तुमची गरज काय?" त्यांनी तळहातावरची तंबाखू चोळली, चुना झटकला आणि म्हणाले, "गरज तं कायचीच नाई जवाईबापू. जुना इहिरीत पडला."

नियम २ : खर्चाची मर्यादा ठरवावी. ती रुपयांत ठरवू नये. १६ हजारांचा फोन ऐकायला स्वस्त वाटतो. मामाजींनी तो सोयाबीनमध्ये मोजला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे तीन क्विंटल. आणि तेही हमीभाव मिळाला तर. तीन क्विंटल सोयाबीन पेरायला, निंदायला, फवारायला, सोंगायला आणि काढायला काय लागते हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस फोनच्या मागच्या बाजूला तीन कॅमेरे का आहेत असे विचारणारच. मला उत्तर देता आले नाही.

नियम ३ : पाण्याचा आकडा वाचावा. खोक्यावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास फोन टिकतो. मामाजींची विहीर पन्नास फूट आहे. शिवाय ही परीक्षा साध्या पाण्याची असते, फवारणीच्या औषधाची नव्हे. आणि आत पाणी गेले की वॉरंटी बहुधा हात वर करते. यावर खात्रीचा उपाय एकच. विहिरीत वाकताना फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. हा उपाय मी तीनदा सांगितला आहे. फोन दोन पडले आहेत.

नियम ४ : फोन उन्हात पाहावा. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच फोन गोरे दिसतात. तो हातात घेऊन भर दुपारी वाशीमच्या पाटणी चौकातल्या रस्त्यावर उभे राहावे. अक्षर दिसले तर दिसले. वावरात ट्यूबलाईट नसते, आणि ई-पीक पाहणीचा फोटो वावरातच उभे राहून काढावा लागतो. २०२१ पासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद अशी ॲपमधून होते. ज्याचा फोन साधा, त्याने शेजारच्या पोट्ट्याला मोटारसायकलवर बसवून वावरात न्यायचे, चहा पाजायचा, आणि वर त्याच्याकडून ऐकून घ्यायचे की, "काका, एक चांगला मोबाईल घेऊन टाका ना." ही गरज मामाजींची नाही, सरकारची आहे. पण फोन मामाजींनी घ्यायचा आहे.

नियम ५ : 'व्हर्च्युअल रॅम' या शब्दाला भुलू नये. ४ जीबीची ८ जीबी म्हणजे फोनच्याच साठवणीतली जागा उसनी घेतलेली असते. धुरा कोरून वावर वाढवण्यातला हा प्रकार. नकाशात काही वाढत नाही.

नियम ६ : मेगापिक्सेल ५० असोत की १०८, भिंगावर तंबाखूचे बोट लागलेले असेल तर फोटोत धुकेच येते. आधी धोतराने पुसावे.

नियम ७ : रेंज आपल्या गावी तपासावी. वाशीममध्ये सगळ्यांनाच रेंज असते. मामाजींच्या वावरात ती एका कडुनिंबाखाली येते, तीही उत्तरेकडे तोंड केल्यावर. कोणत्या कंपनीची येते हे शेजाऱ्याच्या फोनवर आधी पाहून मग सिम घ्यावे. एवढे कळले तरी फाइव्ह-जीवरचा निम्मा वाद मिटतो.

नियम ८ : बॅटरीला ऊन दाखवू नये. एप्रिल-मे महिन्यांत इकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फोन ठेवून भाकर खाऊ नये. तापलेला फोन चार्जिंग घेत नाही, तेव्हा चार्जरला शिव्या देऊ नयेत.

नियम ९ : बिल घ्यावे. *#०६# दाबले की फोनच्या ओळखीचे पंधरा आकडे दिसतात. ते खोक्यावरच्या आकड्यांशी जुळवून पाहावेत. जुना फोन घेत असाल तर हे आधी करावे, पैसे नंतर द्यावेत.

येथे शास्त्र संपते.

हे सगळे मी मामाजींना दुकानात पाऊण तास समजावून सांगितले. ते दर वाक्याला "बराबर" म्हणत होते. माझे झाल्यावर त्यांनी काउंटरवरचा बटनांचा एक साधा फोन उचलला, टॉर्च लावली आणि तो सरळ तोंडात धरला. दात आवळून मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, खाली वाकले. दुकानातला पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी पंख्याकडे पाहू लागलो. मग मामाजींनी माझ्या पसंतीचा तीन क्विंटलचा फोन उचलला. तो काही त्यांनी तोंडात घातला नाही, तळहातावर नुसता तोलला आणि म्हणाले, "हा दातात नाई रायनार."

विजेची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी देताना पाईप एका हाताने उचलता येत नाही. अंधारात पायाखाली काय आहे ते पाहावे लागते. दोन्ही हात पाईपला, म्हणून उजेड तोंडात. २००३ साली डोक्यावर टॉर्च असलेला नोकिया ११०० आला आणि जगभरात २५ कोटींवर खपला, हे मी वाचले होते. वजन शंभर ग्रॅमच्या आत. का खपला असेल, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. गरज विचारली तेव्हा मामाजींनी "कायचीच नाई" म्हटले, कारण मी फोनबद्दल विचारत होतो. त्यांना कंदील हवा होता.

बरे, स्मार्टफोनही त्यांच्याकडे आहे. तो माझ्या बायकोने दिला. तो देवघराच्या कोनाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि संध्याकाळी आठ वाजता निघतो. मामाजी केस विंचरून, टोपी घालून त्याच्यापुढे बसतात आणि लेक दिसली की "आवाज येते का?" असे ओरडतात. त्या फोनची गरज आमच्या घरी आहे. फोन तेवढा त्यांच्याकडे ठेवला आहे.

मागच्या रब्बीत एका रात्री मी त्यांच्यासोबत वावरात गेलो. मामाजी पाईप ओढत होते, फोन तोंडात. आणि तो तोंडातच वाजू लागला. त्यांना हात मोकळा नव्हता, बोलता येत नव्हते. त्यांनी नुसते डोळ्यांनी मला खुणावले. मी त्यांच्या दातांतून फोन काढून घेतला, पुसला आणि कानाला लावला. बायको होती. "बाबा जेवले का?" म्हणत होती.

मी "हो, हो" म्हणतोय तोवर अंधारातून आवाज आला, "जवाईबापू, उजेड!"

मी खिशातला माझा फोन काढून टॉर्च लावली आणि त्यांच्या हातांवर धरली.

नियम १० : स्मार्टफोनचा उजेड चांगला पडतो. धरायला सोबत एक माणूस लागतो.