सिंगल माल्ट : पिंप, रेखांश आणि चखणा

एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून काढलेली आणि लाकडी पिंपात मुरवलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. युरोपीय संघाच्या नियमानुसार कोणत्याही व्हिस्कीला पिंपात किमान ३ वर्षे काढावी लागतात. त्यानंतर बहुतेक व्हिस्क्या बाटलीत जातात. काहींना मात्र शेवटचे काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, ज्यात आधी वाइन राहून गेली आहे अशा पिंपात हलवतात. या शेवटच्या मुक्कामाला फिनिश म्हणतात. २२५ लिटरचे वाइनचे पिंप कागदोपत्री रिकामे असले तरी त्याच्या फळ्यांत काही लिटर वाइन जिरलेली असते आणि व्हिस्की ती हळूहळू बाहेर काढते. रंग तांबूस होतो, चव गोडसर होते आणि किंमत वाढते. यातला तिसरा परिणाम सर्वांत खात्रीचा.

ही पद्धत रुळवण्याचे श्रेय स्कॉटलंडच्या बाल्व्हेनी डिस्टिलरीतील डेव्हिड स्ट्युअर्ट यांना देतात. त्यांनी १९८०च्या दशकात हे प्रयोग केले, तेव्हा स्कँडिनेव्हियात माल्टचे नाव नव्हते. स्वीडनमध्ये मॅकमिरा १९९९ साली निघाली, ती आठ मित्रांनी काढली. डेन्मार्कमध्ये स्टाउनिंग २००५ साली निघाली, तिथे मित्र नऊ होते. महाराष्ट्रात एवढ्या मित्रांत भिशी निघते आणि तीही दुसऱ्या वर्षी मोडते. त्या मानाने मॅकमिरा पाव शतक चालली. २०२४ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे ती नव्या मालकांकडे गेली.

थंड देशात लाकडातून चव उतरायला वेळ लागतो. नव्या डिस्टिलरीपाशी जुना साठा नसतो आणि बँकेपाशी धीर नसतो. वाइनचे पिंप हा या अडचणीवरचा तोडगा. मॅकमिराच्या ‘शोर्देतीद’ या व्हिस्कीसाठी इटलीतल्या मासी या घराण्याची अमारोने वाइन मुरलेली पिंपे वापरली होती. अमारोनेची द्राक्षे तोडल्यावर लगेच चिरडत नाहीत. तीन-चार महिने जाळ्यांवर पसरून सुकवतात आणि बेदाण्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबवून मग वाइन करतात. तासगावचा बागायतदार हीच वाट पुढे चालत राहतो आणि शेवटाला पोचतो.

अशी बाटली हरियाणातल्या मानेसरच्या मराठी बैठकीत येते ती बहुधा विमानाने, कुणाच्या तरी बॅगेत, दोन जीन्सच्या मध्ये गुंडाळून. परदेशी मद्यावर सीमाशुल्क जबर. उलट परतणाऱ्या प्रवाशाला २ लिटर माफ. त्यामुळे ज्या सहकाऱ्याला कंपनी युरोपला पाठवते, त्याची लोकप्रियता जाण्यापूर्वीच्या आठवड्यात शिगेला पोचते. मानेसर हे गुरुग्रामच्या पुढचे, जयपूर रस्त्यावरचे औद्योगिक शहर. मारुती सुझुकी आणि होंडा मोटरसायकल यांचे कारखाने इथे आहेत, म्हणून सुट्या भागांचे कारखाने आहेत आणि म्हणून पिंपरी-चाकणहून बदलून आलेले मराठी इंजिनिअर आहेत. त्यांच्या दारावरून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गच पुढे पुण्याच्या बायपासने जातो, याचा त्यांना आधार वाटतो. तेवढ्यासाठी कुणी गाडीने जात नाही.

आस्वादाची शास्त्रोक्त पद्धत अशी. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्यावा. त्यात ३० मिलिलिटर ओतावे आणि थोडा वेळ काही करू नये. मानेसरच्या सोसायटीत असे ग्लास दोनच निघतात, ते पाहुण्यांना जातात आणि यजमान स्टीलच्या पेल्यात घेतो. मग नाक ग्लासाशी न्यावे, पण आत घालू नये. मद्यार्क ४६ टक्क्यांच्या आसपास असला तर वासाऐवजी झिणझिण्याच पोचतात. यानंतर पहिला घोट. तो तोंडात फिरवावा लागतो आणि त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कुणीच बोलत नाही. मराठी बैठकीत एवढी शांतता एरवी श्रद्धांजलीलाच असते.

बोलायला सुरुवात होते ती बाटलीच्या खोक्यावरून. त्यावर चेरी, गडद चॉकलेट, ओक आणि कसलेसे स्वीडिश रानफळ असते. एकजण हे मोठ्याने वाचतो आणि बाकीचे मान डोलावतात. शेवटी नवा, संकोची मुलगा म्हणतो, “काका, मला तर बेदाणा लागतोय.” “कुठला?” “कुठला म्हणजे? तासगावचा.” सर्वजण पुन्हा घोट घेतात आणि बेदाणा सर्वांनाच सापडतो. त्यानंतर रानफळाचे नाव कुणी काढत नाही. छापील वर्णनापेक्षा या मुलाची जीभ भरवशाची मानावी. बेदाणा त्या पिंपात खरोखरच अर्धामुर्धा होता; रानफळ खोक्यावर कुणी ठेवले ते शोधावे लागेल.

दुसऱ्या घोटाआधी पाण्याचे दोन-तीन थेंब टाकतात. त्याने वास मोकळे होतात. सोड्याची बाटली कुणीतरी सवयीने आणलेली असते, तिच्यावरून वाद होतो. चखण्याला खारे काजू चालतात, भाजलेले शेंगदाणेही. पुण्याहून आलेली बाकरवडी उघडली की मात्र आस्वाद संपतो आणि पिणे सुरू होते.

आता रेखांशाकडे. पर्नो रिकार या कंपनीने २०२२ साली ‘लाँजिट्यूड ७७’ नावाची भारतीय सिंगल माल्ट आणली. ती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपात मुरवून वाइनच्या पिंपात फिनिश करतात. म्हणजे स्वीडिश कृतीच, फक्त होते नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला. नाव भारतातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ७७ अंश पूर्व रेखांशावरून घेतले आहे. नकाशा उघडला तर दिंडोरी ७४ अंशांच्याही अलीकडे पडते. ती रेषा महाराष्ट्रात अकोल्यावरून जाते, पण ही डिस्टिलरी अकोल्यात नाही. पुढे ती मानेसर आणि गुरुग्रामच्या मधून जाते आणि आणखी वर कर्नालपाशी पोचते. तिथून जवळच इंद्री आहे आणि इंद्रीत दुसऱ्याच कंपनीची डिस्टिलरी आहे. पिकाडिलीची ‘इंद्री-त्रिनी’ बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशा तिन्ही पिंपांतला माल एकत्र करून होते. थोडक्यात, नाव एकाचे आणि रेषा दुसऱ्याच्या कुंपणाशी. सातबारा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

इंद्री हरियाणात आहे आणि हरियाणाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पिंपातली व्हिस्की झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने उडून जाते. उडालेल्या भागाला स्कॉट लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडचे देवदूत वर्षाला सुमारे २ टक्के घेतात. भारतातले १० ते १२ टक्के. या हिशेबाने तिकडे पिंप निम्मे व्हायला जवळजवळ ३५ वर्षे लागतात, इकडे सहा. भारतीय माल्टवर वयाचा आकडा क्वचितच दिसतो त्याचे कारण हेच. आठ वर्षांची भारतीय माल्ट तरुण असते, तिचे पिंप म्हातारे झालेले असते.

कायद्याबाबत थोडे. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. त्यानुसार परवानाधारक प्रकृती राखण्यासाठी पितो. हरियाणात प्रकृतीची अशी चौकशी होत नाही. वय २१ पूर्ण असले की पुरे, पलीकडे दिल्लीत २५ लागतात. बदलून आलेले काही मराठी गृहस्थ तरीही महाराष्ट्राचा आजन्म परवाना पाकिटात बाळगतात. दारूच्या ठेक्यावर तो कुणी मागत नाही. गाडीच्या लायसन्समागे तो नीट घडी करून ठेवलेला असतो.

उरलेली बाटली उभी ठेवावी, आडवी नाही. तीव्र मद्यार्काने बूच खराब होते. ती उन्हापासून दूर असावी. मानेसरमध्ये मे महिन्यात याचा अर्थ कपड्यांचे कपाट असा होतो. निम्म्याहून अधिक रिकामी झालेली बाटली सहा महिन्यांत संपवावी, कारण आतली हवा चव खाते. ही सूचना देण्याची वेळ अजून कुठल्या बैठकीत आलेली नाही.