वाडीत इटालियन सायकल कशी पाळावी

साधकाने सुरुवातीलाच मनाशी पक्कं करावं की ही सायकल कुठे जाण्यासाठी नसते. कुठे जायचंच असेल तर अमरावती रोडवर ऑटो मिळतात.

सायकल १९८७ च्या आधीची असावी. ही अट माझी नाही. इटलीत तोस्कानाच्या कच्च्या, पांढऱ्या धुळीच्या रस्त्यांवर १९९७ पासून 'लेरोइका' नावाची फेरी निघते, तिचा तसा दंडक आहे. गिअरच्या कांड्या खालच्या दांडीवर हव्यात, ब्रेकच्या वायरी हँडलबाहेर लोंबत्या हव्यात आणि पायडलला चामडी पट्टे हवेत. हे सगळं जमवलं की दत्तवाडीतले लोक थांबून बघतात आणि म्हणतात, "लईच जुनी दिसते." परीक्षा पास झाली असं समजावं.

रंगाचा आग्रह धरायचा तर बियांकीचा फिकट हिरवा-निळा धरावा. कंपनी मिलानची, १८८५ ची. त्या रंगाला तिकडे 'चेलेस्ते' म्हणतात, म्हणजे आभाळी. घरात त्याला सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा रंग म्हणतील. वाद घालू नये, साम्य खरोखरच आहे.

पाहुण्यांची उत्तरं पाठ करून ठेवावीत. स्टँड का नाही? वजन वाढतं. मडगार्ड? वजन. घंटी? वजन. मग दळणाचा डबा कुठं ठेवायचा? इथे गप्प बसावं. आपली दांडीची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि हिचं वजन तिच्या निम्मं. कारण कोलंबस कंपनीची नळी टोकांना जाड आणि मधे पातळ असते. त्यांच्या 'एसएल' नळीची जाडी मधे ०.६ मिलिमीटर. म्हणून दांडीवर पोराला बसवू नये, आणि हँडलवर भाजीची पिशवी लटकवू देऊ नये. दुसरं कलम पाळून घेणं जास्त कठीण.

हवामान आपल्या बाजूचं आहे. मुंबईकर संग्राहक गंजाने झुरतो; इकडे मे महिन्यात गंजालाही बाहेर पडवत नाही. आपलं दुखणं टायरचं. रेसिंगच्या टायरमध्ये ट्यूब आत घालून शिवलेली असते आणि अख्खं प्रकरण रिमला चिकटवलेलं असतं. पंक्चर झालं की शिवण उसवा, ठिगळ लावा, पुन्हा शिवा, पुन्हा चिकटवा. थोडक्यात, पंक्चरवाला आणि रफूवाला दोघांशी संबंध चांगले ठेवावेत.

आठव्या मैलावर पंक्चरवाल्याने माझा वॉल दोन बोटांत धरला होता. बारीक, पेन्सिलीच्या टोकासारखा. वर इवलासा पितळी नट.

"अन् याच्यात हवा कुठून जाते जी?"

"आधी तो नट सैल करायचा, मग जरा दाबायचं."

त्याने दाबलं. होती नव्हती ती हवा फस्सकन् गेली. "गेली," तो म्हणाला, आणि ट्रकच्या चाकाकडे वळला. तेव्हापासून पंप जोडायची पितळी टोपी मी खिशात बाळगतो. किल्ली विसरली तरी चालेल, टोपी विसरू नये.

पण खरी साधना पायडलच्या मधल्या कटोरीत आहे. ती ढिली झाली की दुकानात नेऊ नये. वाडीत दर दोन घरांआड ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला फिटर सापडतो, त्याच्याकडे न्यावी. आमच्या गल्लीतल्या काकांनी व्हर्निअर लावला, आटे मोजले, पुन्हा मोजले.

"छत्तीस मिलिमीटर व्यास. अन् इंचाला चोवीस आटे." चष्मा वर गेला. "व्यास मिलिमीटरमधी अन् आटे इंचात? हे ड्रॉइंग पास कोणी केलं?"

इटलीने केलं, असं मी सांगितलं.

"अन् दोन्हीकडं सुलटे? उजव्या बाजूला उलटे आटे पायजेत बाप्पा. नाही तर पायडल मारता मारता कटोरी आपोआप ढिली होत जाते."

होते. जगभर होते. इंग्रजांनी उजवीकडे उलटे आटे पाडले, इटालियनांनी पाडले नाहीत. जीव खाऊन आवळायचं आणि देवाला हात जोडायचे. काकांनी आटे पुसले, घरातली जुनी पाइपची नळी पान्याला जोडली आणि इतक्या जोराने आवळलं की ओट्यावर चहाचा कप हलला. मग स्वतःच्या बावीस इंची सायकलच्या कॅरिअरवर दळण बांधून ते निघून गेले. तिची कटोरी किती वर्षांपूर्वी आवळली होती, ते त्यांना आठवत नव्हतं.

कौतुक करायला कुणी आलं तर काम्पान्योलोची गोष्ट सांगावी. १९२७ मध्ये एका थंडगार घाटात तुल्लिओ काम्पान्योलोची बोटं गारठली, चाकाचा नट सुटेना, आणि त्यातून पुढे चाक झटक्यात सोडवणारी खिट्टी निघाली, असं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला तोच नट हाताला चटका देतो. शोध वाडीतही लागला असता. पण त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं.

आता प्रत्यक्ष चालवणं. पहाटे पाचला निघावं, ट्रक गोदामांना लागलेले असताना. पट्टे आवळले की पाय चटकन सुटत नाहीत, त्यामुळे सिग्नल दिसला की शंभर पावलं आधीच पट्टा ढिला करावा. विसरल्यास डावीकडे पडावं, उजवीकडे गिअर असतो. कटोरी साधारण गोंडखैरीच्या अलीकडे वाजू लागते. तिथे उतरावं, सायकल हातात धरून परतावं, आणि ओळखीच्या कुणी विचारलंच तर शांतपणे सांगावं, "फिरायला आणलीय तिला."