पक्ष क्रमांक एक, तोच पक्ष क्रमांक दोन

हळद शिजवायचे दिवस आले की वसमत भागात कुणाचा कुकर, कुणाचा ट्रॅक्टर आणि कुणाची माणसं, हा हिशेब डोक्यातच असतो. आज तुझी हळद, परवा माझी. याला सावड म्हणतात. सावडीला मुद्रांक लागला असता, तर वसमतची हळद भौगोलिक मानांकनापर्यंत पोचलीच नसती; नोटरीच्या दारात सडली असती.

जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, उगाच चार-पाच प्राचार्य दचकतील) अशीच सावड होती. वनस्पतिशास्त्राने हळदीची पूड द्यायची, रसायनशास्त्राने तिच्यातलं कर्क्युमिन काढायचं. मधे भिंत, भिंतीला दार. डिस्टिल्ड वॉटर संपलं की पलीकडून कॅन यायचा, इकडून चहा जायचा.

मग महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असं कळलं आणि बैठकीत प्रश्न निघाला, "या सहकार्याचा पुरावा काय?" उष्टे कप फाइलला लावता येत नाहीत. तेव्हा ठरलं, दोन्ही विभागांत सामंजस्य करार करायचा. पाचशेचा मुद्रांक आणला. प्रस्तावनेत २०२०चं शैक्षणिक धोरण आलं, २०१६च्या विद्यापीठ कायद्यातली आंतरविद्याशाखीय अभ्यासाची विद्याशाखा आली. पूड आणि कॅन मात्र आले नाहीत.

अडलं सहीपाशी. विभाग काही स्वतंत्र संस्था नव्हे, त्याच्या वतीने सही करणार प्राचार्यच. दोन्हीकडून! साहेबांनी डावीकडच्या खुर्चीत बसून पहिल्या पक्षाची सही केली, उठले, टेबलाला वळसा घालून उजवीकडे बसले, दुसऱ्या पक्षाची केली. जिओटॅग फोटो निघाला. पहिल्या पक्षाने दुसऱ्याला शाल द्यायची होती. एकच माणूस, ती त्याने पांघरून घेतली. वाद झाल्यास लवाद कोण, तेही कलमात आहे: प्राचार्य.

करार हा प्रकारच वाईट, असं नाही. आपल्याच औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहतेय. त्यासाठी ३१ मार्च २०१६ रोजी भारताचा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी करार झाला. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था अशी घरं त्यात आहेत. पैसा, यंत्रं, माणसं ज्याची त्याची वेगळी. तिथे कागद लागतोच. असल्याच यंत्रांनी २०१५ साली अमेरिकेत १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. आमच्याकडे आता भिंतीपलीकडची हाक ऐकायला मागणीपत्र लागतं. जावक क्रमांक, समन्वय समितीची शिफारस, मग कॅन. करारात दाराचा उल्लेख नाही म्हणून दाराला कुलूप घातलंय. पूड वाळवीने खाल्ली म्हणतात. हळदीला वाळवी लागत नाही असं आमची आजी सांगायची, पण तिने समन्वय समिती पाहिली नव्हती.

पुढे एका तरुण प्राध्यापकाने नॅकचा नमुना नीट वाचला. त्यात करार विचारलेत ते इतर संस्थांशी आणि उद्योगांशी केलेले. घरातल्या घरात केलेल्यांना गुण नाहीत.

म्हणून करार मोडायचं ठरलं. कलमानुसार एका पक्षाने दुसऱ्याला तीस दिवसांची लेखी नोटीस द्यायची. साहेबांनी सही करून पाठवली. दुसऱ्या पक्षाची पोच अजून आलेली नाही. साहेब नांदेडला बैठकीला गेलेत.