राजधानीतला दिमडीवाला

भोपाळचा हौशी मराठी लोकगायक साठीनंतर फुलतो. त्याचं मूळ घर बहुधा ग्वाल्हेर, इंदूर नाहीतर देवासकडचं. १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, ग्वाल्हेर-इंदूरची सरकारी खाती इकडे हलली आणि फायलींमागोमाग कारकुनांची बिऱ्हाडं आली. ट्रंकांत भांडीकुंडी, आजीच्या तोंडी ओव्या. त्या बिऱ्हाडातला नातू नोकरीभर गुणगुणण्यावर भागवतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तुणतुणं माळ्यावरून खाली येतं.

गुरू कोण, तर आजी. तिचं जातं त्याने पाहिलेलं नसतं, पण त्याची घरघर तो तोंडाने हुबेहूब काढतो, आधी स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला लावून. दुसरं नाव कुमार गंधर्वांचं. १९४८ साली क्षयाने आजारी असताना ते देवासला आले आणि माळव्याची लोकगीतं त्यांनी कानांत साठवली, हे खरं. देवास भोपाळहून सुमारे दीडशे किलोमीटर, हेही खरं. तेवढ्या सलगीवर हा त्यांना 'आमचे कुमारजी' म्हणतो.

जीव मात्र दिमडीत. पावसाळ्यात कातडं सैल पडतं आणि आवाज सादळलेल्या पापडासारखा येतो. गावात शेकोटी असायची, तिसऱ्या मजल्यावर गॅस असतो. पत्नी निमूटपणे दुधाचं पातेलं उतरवते. हा दिमडी ज्योतीवर वीतभर उंच धरून फिरवतो, टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. कातडं बोलेपर्यंत घरात चहा नाही.

नवरात्रात गोंधळ, एरवी एकनाथांची भारुडं. विंचवाच्या भारुडात तो असा कळवळतो की नवा शेजारी मलम घेऊन जिना चढतो. हा विंचू मनातल्या विकारांचा, हे मग त्याला हिंदीत समजावलं जातं. ते निरूपण भारुडापेक्षा लांबतं आणि खरं सांगायचं तर जास्त रंगतं. उशिरा उगवलेल्या संबळवाल्याचं स्वागत मात्र अस्सल भोपाळीत: "को खां, कहां थे?"

शब्दांच्या बाबतीत तो हटवादी. पुण्याच्या भाच्याने छापील पुस्तक पुढे केलं तरी आजीचा शब्द खरा. त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. ओवी तोंडोतोंडी चालते, घरागणिक बदलते. छापलेला पाठही कुणा एका आजीचाच असतो.

ही गाणी तो जुन्या कचेरीच्या रजिस्टरात जमा-खर्चाच्या रकान्यांमध्ये उतरवून ठेवतो. घरात असं रजिस्टर सापडलं तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पानापानाचे फोटो काढून ठेवावेत.